चौकीवरून घरी परतणाऱ्या पोरांना काय द्यायचं? मैदुगुरीसाठी सल्ला हवा

वाइंडिंगमास्तर (फोंडा)
रविवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. लिहिणं लांबणार आहे, पण पुरतं वाचून मगच उत्तर द्या, ही विनंती.

३१ वर्षं मी आयटीआयमध्ये मोटर वाइंडिंग शिकवलं. आता निवृत्त आहे, शेजारपाजारचे पंप आणि पंखे दुरुस्त करतो. माझी भाची नायजेरियात, बोर्नो राज्याच्या राजधानीत मैदुगुरीला, एका मदतसंस्थेत काम करते. चवथीला घरी आली होती. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची चौकट, बांधता बांधता म्हणाली, "मामा, तुझ्या हाताखालून इतकी पोरं गेली. माझ्या पोरांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम बसवून दे."

तिची पोरं म्हणजे कोण ते सांगतो. बोको हराम या अतिरेकी संघटनेचं बंड २००९ मध्ये पेटलं. २०१३ च्या मध्याला मैदुगुरीतल्या तरुणांनी काठ्या-कोयते घेऊन आपापल्या गल्लीत पहारे बसवले. लष्कराचे जवान बाहेरगावचे, कोण कुठल्या घरचा हे त्यांना कळायचं नाही. या पोरांना कळायचं. हौसा भाषेत त्यांना 'यान गोरा' म्हणतात, म्हणजे काठीवाले. सरकारदरबारी नाव सिव्हिलियन जॉइंट टास्क फोर्स. पुढे काहींच्या हातात बंदुका आल्या, नाक्यानाक्यावर चौक्या झाल्या. या पोरांमुळे शहर तगलं असं तिथली माणसं सांगतात. याच पोरांनी नुसत्या संशयावरून माणसं मारली, छळली, हेही मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवलंय. मला दोन्ही गोष्टी मान्य करूनच पुढे जायचंय.

यांत लहान मुलंही होती. मुलांची भरती थांबवण्याचा करार या दलाने सप्टेंबर २०१७ मध्ये केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ८३३ मुलं मोकळी केली, १० मे २०१९ ला आणखी ८९४, त्यांत १०६ मुली. ती मुलं आता हाताशी आली. भाचीकडे येणाऱ्यांत काही त्यांतली, बाकीची वयाने मोठी, तारुण्यातली आठ-दहा वर्षं चौकीवर घालवलेली. बहुतेकांना नियमित पगार कधी मिळालाच नाही. गल्लीतली माणसं जेवण द्यायची, कुणी चार पैसे हातावर ठेवायचं.

अडचण अशी की यापूर्वी एकदा या पोरांना शिवण आणि वेल्डिंग शिकवून झालंय. अवजारांच्या पेट्या वाटल्या. थोड्याच महिन्यांत बऱ्याच पेट्या बाजारात विकल्या गेल्या आणि पोरं रात्री परत चौकीवर दिसू लागली. भाचीने एकाला विचारलं, का रे गेलास? तो म्हणाला, चौकीवर असताना गल्लीतले म्हातारे मला नावाने हाक मारायचे, बायका वाट विचारायच्या, लग्नात पुढे बसवायचे. वेल्डिंगच्या शेडात मला कोण ओळखतो?

ती ते मला सांगत होती आणि माझ्या हातातली सुपारीची शिपटी तशीच राहिली. मी तार, स्लॉट, वार्निश याचा विचार करत होतो. त्या पोराचा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमात कुठेच बसत नव्हता.

तर मंडळी, कोणता धंदा शिकवावा आणि पेटीत काय द्यावं, हे तर सांगाच. पण या दुसऱ्या प्रश्नाचंही कुणाला काही सुचलं तर सांगा. आपल्यात मोझांबिकला राहिलेले आहेत, गडचिरोलीकडचे आहेत, म्हणून इथे विचारतो.

---

मेधा_पणजी
रविवार, रात्री १०.०५

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, म्हणूनच मनात आलं ते लिहिते. ज्यांनी हत्यार धरलं त्यांना पेटी, भत्ता, अभ्यासक्रम. आणि ज्यांची घरं जळली, जे छावणीत राहताहेत, ज्यांचा मुलगा संशयावरून मारला गेला, त्यांना काय? त्या आईने आपल्या दाराशी त्याच पोराचं नवं दुकान बघायचं का? माझा मामेभाऊ पोलिसात आहे. भूसुरुंगात पाय गमावून आला. शरण आलेल्यांच्या पुनर्वसनाची बातमी लागली की आमच्या घरात कुणी काही बोलत नाही, टीव्ही बंद होतो. ते बोलत नाहीत म्हणून मी बोलते.

---

वाइंडिंगमास्तर (फोंडा)
रविवार, रात्री १०.३०

मेधाताई, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

हाच राग तिथेही आहे, आणि गंमत नव्हे, तो या काठीवाल्यांच्याच मनात आहे. बोको हराममधून बाहेर पडलेल्यांसाठी सरकारने २०१६ मध्ये गोंबे राज्यात पुनर्वसनाचं केंद्र काढलं. २०२१ मध्ये त्यांचा म्होरक्या शेकाऊ मेला, त्यानंतर हजारोंनी माणसं शरण आली. आता पहारा देणारी पोरं म्हणतात, आमच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांना शिक्षण आणि भत्ता, मग आम्ही गावासाठी उभे राहिलो ते कशासाठी? म्हणजे रांगेत प्रत्येकाच्या पुढे कुणीतरी आहे, आणि सगळ्यांत शेवटी ती आई आहे. तुमचा मुद्दा मी भाचीला जसाच्या तसा कळवतो.

---

काजूवाला (मडगाव)
सोमवार, सकाळी ७.५०

मास्तर, मी १४ वर्षं मोझांबिकच्या नांपुला प्रांतात कच्च्या काजूच्या खरेदीवर होतो. तिथलं सांगतो.

तिथलं यादवी युद्ध ४ ऑक्टोबर १९९२ च्या रोमच्या कराराने थांबलं. सरकार आणि बंडखोर रेनामो, दोन्हीकडचे मिळून ९० हजारांहून जास्त सैनिक घरी पाठवले. त्यांना दोन वर्षं हप्त्याहप्त्याने पैसे दिले. एकरकमी दिले असते तर पहिल्या महिन्यात उडाले असते, हप्त्यांमुळे माणूस गावात टिकला, पेरणीपर्यंत थांबला. हे तुमच्या पेटीलाही लागू आहे, पुढे येतोच.

पण करारात दोनच बाजू होत्या. तिसरे होते नापारामा. झांबेझिया आणि नांपुलातले साधे शेतकरी. १९८० च्या दशकाच्या शेवटी गाव राखायला भाले, कोयते घेऊन उठले. छातीवर चिरे पाडून त्यात औषध भरायचे, गोळी लागणार नाही या श्रद्धेने. सैन्याला जमलं नाही ते काही ठिकाणी त्यांनी केलं. युद्ध संपल्यावर मात्र ते ना सैनिक ना बंडखोर, त्यामुळे कुठल्याच यादीत त्यांचं नाव नाही, कुठलाच हप्ता नाही. आमच्या गोदामावर एक म्हातारा राखणदार होता. अंघोळ करताना छातीवरचे वण दिसायचे. पैशांबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. म्हणायचा, वहीत नाव नाही. नुसतं नाव. २०१७ पासून शेजारच्या काबो देल्गादो प्रांतात नवा हिंसाचार सुरू झाला आणि २०२२ च्या सुमारास त्याच नावाने तरुण पुन्हा भाले घेऊन उभे राहिले. आधीच्यांना कुणी विचारलं नाही हे त्यांनी घरात ऐकलेलं होतं, तरीही उठले. गाव राखणारं दुसरं कुणी दिसलं नाही की असंच होतं.

तुमच्या भाचीच्या कामाचा पाया म्हणून एवढं सांगेन: पोराच्या हातात प्रमाणपत्र देताना त्यावर वेल्डर लिहा, पण त्याआधी एक साधा कागद द्या, की याने अमुक साली ते अमुक साली आपल्या वस्तीचा पहारा केला आणि आता तो मोकळा झालाय. सही वस्तीच्या प्रमुखाची.

आणि एक चांगली गोष्ट सांगतो. १९९५ मध्ये तिथल्या ख्रिस्ती मंडळींच्या परिषदेने बंदुकीच्या बदल्यात अवजार द्यायला सुरुवात केली. बंदूक आणा, कुदळ न्या, शिवणयंत्र न्या, सायकल न्या, पत्रे न्या. एका गावाने मिळून शेकडो हत्यारं गोळा केली आणि गावाला ट्रॅक्टर मिळाला. मला ते ट्रॅक्टरचं फार पटलं. सायकल एकाची होते, शेजारी बघत बसतो. ट्रॅक्टर आला की ज्याने कधी बंदूक धरली नाही त्याचंही शेत नांगरलं जातं. मेधाताईंच्या प्रश्नाला हे पूर्ण उत्तर नाही, पण दिशा तीच आहे.

---

गॅरेज_वास्को
सोमवार, सकाळी ९.१५

मास्तर नमस्कार. मी तीनचाकीचा मेकॅनिक. एकच विचारतो, मैदुगुरीत रस्त्यावर काय धावतं ते बघितलं का? तिथे २०११ मध्ये मोटरसायकलींवर बंदी आली, कारण हल्लेखोर दुचाकीवरून यायचे. मग माणसं फिरतात कशातून? आपल्याच बजाजच्या रिक्षातून. 'केके' म्हणतात तिला. नायजेरिया ही बजाजची परदेशातली फार मोठी बाजारपेठ आहे. म्हणजे आपल्याकडे जी क्लच प्लेट झिजते तीच तिकडे झिजते, धूळ जास्त म्हणून लवकर झिजते.

वाइंडिंग उत्तम विद्या आहे, पण वीज असेल तिथे पंखे जळणार ना? तुमच्या भाचीला विचारा, वीज किती तास असते.

माझा अनुभव सांगतो. माझ्याकडे आजवर ११ पोरं तयार झाली. वर्गात एकही झाला नाही. पहिले दोन महिने नुसतं धुणं आणि पाना हातात देणं. मग ब्रेक शू, केबल, क्लच. इंजिन उघडायला आठवा महिना उजाडतो. तुमचे सहा महिने कमी पडतील. त्यापेक्षा तिथल्या चालू गॅरेजवाल्याकडे एकेक पोर ठेवा, वर्षभर. पोराला जेवणापुरतं द्या, आणि गॅरेजवाल्यालाही थोडं द्या, कारण शिकवण्यात त्याचा वेळ जातो. पेटी एकदम देऊ नका. पहिल्या तिमाहीला रिंग पाने आणि टी पाने. मग पुलर, फीलर गेज. शेवटी टेस्टर आणि मीटर. आणि पेटीवर पोराचं नाव ठोकून घ्या, छिन्नीने. स्वतःचं नाव ठोकलेला पाना विकायला हात धजत नाही.

गल्लीत नावाने हाक मारायचं म्हणाल तर भरचौकातल्या गॅरेजवाल्याला पण सगळे नावाने ओळखतात. त्याला वेळ लागतो, एवढंच.

---

इंद्रावतीकाठचा (वेर्णा)
सोमवार, रात्री ११.४०

शिफ्ट संपवून लिहितोय. मी मूळचा सिरोंचा तालुक्यातला. नदीच्या पलीकडे बस्तर.

पलीकडे २००५ मध्ये माओवाद्यांविरुद्ध सलवा जुडूम सुरू झालं. गावातल्याच पोरांना विशेष पोलीस अधिकारी केलं. पाचवी-आठवी शिकलेली पोरं, महिन्याला हजारांत मानधन, हातात बंदूक. समोर माओवादी, तेही बरेचदा त्याच गावचे. घरं जळली, गावंच्या गावं उठून छावणीत आली, कितीतरी जण जंगलातून आंध्राकडे गेले. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. या पोरांना नक्षलविरोधी कामात वापरू नका, बंदुका परत घ्या आणि त्यांच्या जिवाला संरक्षण द्या, असं सांगितलं. राज्याने काय केलं, तर नवा कायदा करून बहुतेकांना सहायक सशस्त्र दलात घेतलं. नाव बदललं, पगार वाढला, बंदूक राहिली.

त्या पोरांना मी नावं ठेवत नाही. त्यांना दुसरी वाटच दिसत नव्हती. वसतिगृहात माझ्याबरोबर एक होता, त्याचा चुलतभाऊ असा भरती झाला. आजही तो आपल्या गावी जाऊ शकत नाही. लग्नाला नाही, मयताला नाही. आईला भेटायचं तर तीच बसने तालुक्याला येते. ज्यांची घरं त्याच्या तुकडीने जाळली ते शेजारी अजून तिथे राहतात. त्याला धंदा शिकवून उपयोग काय? दुकान थाटायचं कुठे?

म्हणून मास्तर, धंदा ठरवण्याआधी एकेका पोराला विचारायला सांगा, की तुला तुझ्या गल्लीत परत जायचंय का, आणि गल्ली तुला घेईल का. नाही म्हणाला तर त्याच्यावर जबरदस्ती नको. दुसऱ्या मोहल्ल्यात, दुसऱ्या शहरात सोय लावा.

दुसरं, फोटो काढू नका. पेटी वाटताना, हार घालताना, हत्यार खाली ठेवताना, कसलाच नको. ज्याच्या हातून त्याला धोका आहे त्याच्याकडेही मोबाइल आहे. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर पेटीचा काढा, हातांचा काढा, तोंडाचा नाही.

तिसरं आसामचं. १९९२ नंतर उल्फा या तिथल्या सशस्त्र बंडखोर संघटनेचे बरेच लोक शरण आले. कर्ज मिळालं, सवलती मिळाल्या, पण कितीतरी जणांकडे हत्यार ठेवूच दिलं, 'स्वसंरक्षणासाठी' म्हणून. लोक त्यांना सुल्फा, म्हणजे शरण आलेले उल्फा, म्हणू लागले. मग खंडणी, ठेके, आणि १९९८ ते २००१ मधल्या गुप्त हत्या. तेव्हा मास्तर, बंदूक खरंच परत गेली की नाही हे आधी. बाकी सगळं नंतर.

---

शिवणबाय (डिचोली)
मंगळवार, दुपारी ३.१०

मास्तर, सगळे पोरं पोरं करताहेत. १०६ मुलींचं तुम्हीच लिहिलंय. त्या कुठे आहेत?

तिथे बायका चौकीवर होत्या, कारण २०१४ पासून मुलींच्या अंगाला बॉम्ब बांधून पाठवायला लागले आणि बाईची झडती पुरुष घेऊ शकत नाही. म्हणजे सगळ्यांत जवळून मरणाला हात लावणाऱ्या त्या. याशिवाय रांधणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, निरोप नेणाऱ्या. लढाईत ओढलेल्या मुलांबद्दलच्या २००७ च्या पॅरिस तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय की बंदूक धरणारं मूलच तेवढं मोजायचं नाही, स्वयंपाकी, हमाल, निरोप्या हेही त्यात आले. पण यादी करायला बसलं की पहिला प्रश्न असतो, तुझं हत्यार कुठंय? सिएरा लिओनमध्ये हेच झालं. २००२ पर्यंत ७२ हजारांहून जास्त जणांनी हत्यारं ठेवली, त्यांत बायका पाच हजारही नव्हत्या. जिच्याकडे दाखवायला बंदूक नव्हती ती दारातूनच परतली. तिथल्या कामाजोरांसारख्या गावरक्षक टोळ्यांतही असंच.

शिवण शिकवायचं म्हणाल तर २२ वर्षं मी तेच करते, आणि मी सांगते, डोळे मिटून शिवण शिकवू नका. आमच्याकडे योजना आली की प्रत्येक वाड्यावर यंत्र येतं आणि सहा महिन्यांनी त्यावर फडकं टाकलेलं असतं. एका वाड्यात दहा शिंपिणी जगत नाहीत. मैदुगुरीत टोप्यांवर हाताने भरतकाम करतात, बोर्नोची टोपी सगळ्या नायजेरियात घालतात. त्या टोपीच्या व्यापाऱ्यालाच विचारा, तुला काय कमी पडतं? कापणारा कमी आहे, भरणारा कमी आहे, की धुऊन कडक करणारा? जे कमी असेल ते शिकवा.

आणि वर्गाच्या शेजारी एक खोली मुलांसाठी ठेवा, एक आजी पगारावर बसवा. नाहीतर बायका पहिल्या आठवड्यानंतर येणार नाहीत. वेळ दुपारची ठेवा, पाणी भरून झाल्यावरची.

---

वाइंडिंगमास्तर (फोंडा)
मंगळवार, रात्री ८.४५

भाचीशी फोन झाला. घाईत लिहितो.

वीज: २०२१ च्या सुरुवातीला बंडखोरांनी शहराकडे येणारी वीजवाहिनी उडवली, तेव्हापासून लोकांची भिस्त जनरेटर आणि सौरपाट्यांवर. छोट्या पेट्रोल जनरेटरला नायजेरियात लोकांनी 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा' असं नावच ठेवलंय. १० सप्टेंबर २०२४ ला अलाऊ धरण फुटून अर्धं शहर पाण्यात गेलं, तेव्हा भिजलेल्या पंपांचे आणि जनरेटरचे ढीग लागले होते. म्हणजे वाइंडिंग अगदीच बाद नाही, पण पंख्याचं नव्हे. गॅरेज_वास्को, तुमची रिक्षा बरोबर निघाली. तिच्या ऑफिसच्या दारातच केकेचा तळ आहे.

फोटोंचं वाचून ती बराच वेळ गप्प होती. मागच्या खेपेला काढले होते.

शिवणबाय, तुमचं बरोबर आहे. तिच्या यादीत बायका होत्या, माझ्या डोक्यात नव्हत्या.

---

सत्तरीकर
मंगळवार, रात्री १०.१५

मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. आमचा गाव वाळपईजवळ. नाणूसचा किल्ला माझ्या घरून चालत जाता येतो. २६ जानेवारी १८५२ ला दीपाजी राणे यांनी तो घेतला आणि साडेतीन वर्षं पोर्तुगिजांना जेरीस आणलं. शेवटी सरकारने तडजोड केली, हिरावलेले हक्क परत दिले आणि माणसं शेतावर परतली. १८९५ मध्ये हिंदी शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला, ते बिथरून याच किल्ल्यावर आले आणि राणे पुन्हा उठले. काजूवाल्यांनी मोझांबिकचं लिहिलं म्हणून हे आठवलं.

पण मला सांगायचंय ते शिगम्याचं. आमच्याकडे घोडेमोडणी असते. कमरेला लाकडी घोड्याचं तोंड, डोक्यावर फुलांचं मुंडासं, हातात नंगी तलवार. लढाईहून परतलेल्यांचं नाचणं आहे ते. घराण्यातल्या ठरल्या माणसांनीच नाचायचं. लहानपणी मला वाटायचं ही ऐट आहे. आता वाटतं, कुणीतरी फार विचार करून बसवलंय. तलवार वर्षातून एकदा सगळ्या गावासमोर बाहेर येते, गाव बघतो, वाजवतो, ओवाळतो, आणि ती परत आत जाते. शौर्य गावाच्या ताब्यात राहतं, कुणा एकाच्या घरात नाही.

मैदुगुरीची माणसं त्यांचं त्यांच्या धर्माने, रीतीने करतील, आपण काय सांगणार. पण तसा एखादा दिवस त्यांच्याकडे आहे का, हे भाचीने तिथल्या जाणत्यांना विचारावं. मोझांबिकमध्ये परत आलेल्या मुलाचे जुने कपडे जाळून, अंघोळ घालून मगच घरात घेतात, असं वाचलंय. काजूवाले सांगतील.

---

काजूवाला (मडगाव)
बुधवार, सकाळी ७.३०

खरं आहे. ठिकाणाप्रमाणे रीत वेगळी, पण पाणी आणि आग असतेच. आणि पूर्वजांना सांगतात, की हा आलाय. त्यानंतर त्या मुलाला युद्धाबद्दल विचारत नाहीत. आपल्याकडच्या शिकलेल्या लोकांना वाटतं, बोलतं केलं पाहिजे. तिथे न बोलणंही औषध आहे.

---

सुलभा (केपे)
बुधवार, रात्री ९.००

मी इथे फारसं लिहीत नाही. मास्तरांच्या त्या पोराचा प्रश्न वाचला आणि आमचे अण्णा आठवले.

अण्णा आझाद गोमंतक दलात होते. १९४७ मध्ये विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी आणि त्यांच्या सोबत्यांनी उभारलेलं हे सशस्त्र दल. चौक्यांवर हल्ले, भूमिगत राहणं. तुलना सरळ होत नाही हे मला कळतं. १९ डिसेंबर १९६१ नंतर अण्णांना घेणारा देश होता, मानपत्र होतं, पुढे निवृत्तिवेतन झालं. मैदुगुरीच्या पोराला यांतलं काहीच नाही. आणि मोठ्या माणसांच्या वाटा वेगळ्या होत्या. सिनारी पोलीस सेवेत मोठ्या हुद्द्यावर गेले. मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, १९६९ मध्ये सुटले आणि समाजकार्याला लागले. अण्णा साधे होते. २९ वर्षांचे, शिक्षण अर्धवट, हाताला एकच काम येत होतं आणि ते आता कुणाला नको होतं.

आई सांगायची, पहिलं वर्ष ते दाराकडे तोंड करून झोपायचे. खिडकीला पाठ करून जेवायला बसायचे नाहीत. रात्री कुत्रं भुंकलं की उठून अंगणात उभे. कुणी सत्काराला बोलावलं की जायचे आणि आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. सत्कार कालच्या माणसाचा होता. आजच्या अण्णांना सकाळी उठून कुठे जायचं ते माहीत नव्हतं.

मग एक दिवस देवळाचे महाजन घरी आले. म्हणाले, जत्रेचा हिशेब तू ठेव. अण्णांना हिशेबातलं ओ की ठो कळत नव्हतं, महाजनांनाही ते ठाऊक होतं. तरी वही दिली. पैशाची पेटीही दिली. आई म्हणायची, त्या रात्री ते पेटी उशाला घेऊन झोपले, पण झोपले. त्या जत्रेला नारळ किती, तेल किती, दशावतारी मंडळाला बिदागी किती, सगळं त्यांनी तीन तीनदा लिहिलं. ती वही माझ्याकडे आहे. पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या, तेव्हा अण्णांना शिपायाची नोकरी मिळाली. घंटा वाजवायचे. तीस वर्षं सगळा गाव त्यांच्या घंटेवर चालला.

त्या पोराला वेल्डिंगच्या शेडात कोण ओळखतो, हे मला नाही सांगता येणार. पण त्याच्या गल्लीत अशी एखादी वही असेल. पाण्याच्या टाकीची, मशिदीच्या दुरुस्तीची, पुरात कुणाचं काय गेलं त्याची. ती त्याच्या हातात द्यायला कुणी येईल का, एवढं बघा.

---

मेधा_पणजी
बुधवार, रात्री १०.२०

सुलभाताई, दोनदा वाचलं.

मास्तर, माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण पुढे नेते. वर्गात निम्मी जागा त्या पोरांना द्या आणि निम्मी छावणीतल्या, घर गमावलेल्या कुटुंबांतल्या मुलांना. भत्ता दोघांना सारखा. आणि ज्या आईचा मुलगा मारला गेला तिला आधी विचारा. परवानगी म्हणून नव्हे, कळवायचं म्हणून. तिने नाही म्हटलं तर त्या पोराचं दुकान तिच्या गल्लीत नको. आणि जिथे खरोखर गुन्हा झालाय तिथे चौकशी व्हायला हवी, पेटी देऊन ती पुसता येणार नाही. हे लिहून पाठवा. मी मामेभावालाही हा धागा वाचायला दिलाय. तो अजून काही बोललेला नाही.

---

वाइंडिंगमास्तर (फोंडा)
रविवार, रात्री ८.१०

मंडळी, देव बरें करूं. आठवडाभर बसून कागद केला आणि आज भाचीला पाठवला.

सहा महिन्यांचा वर्ग काढून टाकला. वर्षभराची उमेदवारी, चालू दुकानांत. रिक्षा दुरुस्ती, जनरेटर आणि पंप, सौरपाटी बसवणं, आणि टोपीचं जे काम व्यापारी सांगतील ते. निम्मी जागा दुसऱ्या कुटुंबांतल्या मुलांना. पेटी तीन हप्त्यांत, नाव ठोकून. मुलांची खोली आणि आजी. फोटो नाहीत. हत्यार जमा झाल्याशिवाय नाव घालायचं नाही, पण ज्या बाईकडे हत्यार कधी नव्हतंच तिच्या बाबतीत शेजारच्या तीन बायकांची साक्ष पुरे. पहाऱ्याचा कागद वस्तीच्या प्रमुखाच्या सहीचा. चौकशीचा मुद्दा मेधाताईंच्याच शब्दांत घातलाय, भाची म्हणाली की वरच्यांना तो रुचणार नाही, तरी ठेवते.

सुलभाताई, तुमच्या वहीचं तिने त्या पोराला सांगितलं. अण्णांचं नाव न घेता. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी येऊन म्हणाला, आमच्या गल्लीत पुरानंतर एक बोअरवेल मारलीय, तिच्या डिझेलच्या पैशांवरून रोज भांडणं होतात. वस्तीप्रमुखाशी बोलायला तो एकटा जायला तयार नव्हता, म्हणून उद्या ती बरोबर जाणार आहे.

त्या बोअरवेलचा पंप किती अश्वशक्तीचा आहे ते विचारून घे म्हणून सांगितलंय. आकडा कळला की वाइंडिंगच्या तारेचं गेज काढून इथेच लिहितो. गॅरेज_वास्को, केकेच्या क्लच प्लेटची यादी तेवढी पाठवा.